खैरुनच्या कपाटाची भट्टी

जीपच्या चाकाच्या रिमवर जेमतेम बसलेली पावडर बशीरभाईंच्या डोळ्यांदेखत घसरली आणि खाली अंथरलेल्या पेपरावर तिचा चंदेरी ढीग झाला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. त्यांनी हातातली गन टेबलावर आदळली, मग आपलीच आपल्याला लाज वाटून उचलली, फडक्याने पुसली, तिचं तोंड उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं. आकड्याला टांगलेला रिम सरळ करायला हात लावला, तर बोटाला चटकन झटका बसला.

"हट् साली! हे बी आता लाथा मारून राह्यली."

ओट्यावर बसलेल्या अकरमने चहाचा कप खाली ठेवला. नागपूरहून पहाटेच्या गाडीने तो बापाला न्यायला आला होता.

"अब्बा, काऊन जीव आटवून राह्यले? बसा ना जरा."

"बसून काय होते?"

"मंग उभं राहून काय होऊन राह्यलं?"

बशीरभाई पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या खिशातच होता.

बशीरभाई जन्माचे रंगारी. गडचांदूरच्या बसस्टँडवर जी जी जीप, टेम्पो, काळीपिवळी उभी राहायची, तिच्यातल्या निम्म्यांच्या अंगावर कधी ना कधी त्यांचा हात फिरलेला. सिमेंट कारखान्यांच्या गावात ओला रंग मारणं म्हणजे पिठाच्या गिरणीत इस्त्रीचे कपडे वाळत घालणं. रंग सुकेपर्यंत वर धुळीचा थर बसायचाच. मग कधीतरी नागपूरकडच्या एका कारखान्यात त्यांनी पावडर कोटिंग पाहिलं. ओलं काही नाहीच. कोरडी पावडर गनमधून निघते, विजेच्या ओढीने लोखंडाला जाऊन चिकटते आणि भट्टीत भाजली की वितळून काचेसारखी बसते. ते पाहिलं आणि बशीरभाईंची झोप उडाली. तशी ती त्यांना आधीही फारशी नव्हती. सोडा वॉटरची मशीन, सायकलीचं दुकान, लग्नातला बँड, सगळं करून झालं होतं. "तुमच्या पायाले भिंगरी, अन् डोक्याले बी," असं त्यांची बायको खैरुन म्हणायची.

घराला लागून टिनाची शेड उभी राहिली, जुनी गन आली. राहिली भट्टी. भट्टीला हवी लोखंडाची बंद पेटी, उभी, दार असलेली. असली पेटी घरात एकच होती, खैरुनचं माहेरहून आलेलं कपाट. ती नागभीडला बहिणीकडे गेलेली असताना बशीरभाईंनी त्यातल्या साड्या ट्रंकेत भरल्या, कपाटाला आतून आच धरून ठेवणारी काचेची लोकर लावली, हीटरच्या कॉइल बसवल्या. परत आल्यावर खैरुन बराच वेळ दारात उभी राहिली. तिने दार उघडून आत हात घातला आणि एवढंच म्हणाली, "गरम तरी बराबर होते का?" ती रडली असती तर परवडलं असतं.

भट्टी मात्र झकास चालली. चार वर्षं माल बिघडला नाही. एवढं एकच काम बशीरभाईंनी अर्ध्यात सोडलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी खैरुनला ताप आला. चंद्रपूरला नेली आणि चादरीत आणली. मौतीचा चाळीसवा झाला, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. बशीरभाईंना घरात बसवेना, बाहेर उभं राहवेना. ते बसस्टँडपर्यंत जात आणि कशाला आलो ते विसरून परत येत. ते पाहून जिवतीच्या रस्त्याला जीप चालवणाऱ्या बिरजूने न मागताच आपले चार रिम आणून टाकले. "भाऊ, चांदीसारखे पायजेत. पुतणीच्या लग्नात वरात याच गाडीत निघन."

बिरजूने दिलेलं हे काम म्हणजे औषध होतं, हे बशीरभाईंनाही कळत होतं. अन् आज औषधच लागू पडेना. सकाळी अकरम आल्या आल्या त्यांनी मोठ्या तोऱ्यात पैज लावली होती. "हे रिम झाले तं मी कुठी येत नाई. नाई झाले, तं कपाट भंगारात दे अन् मले घेऊन चाल."

 बाप हरावा असंही अकरमला वाटत नव्हतं आणि बाप इथे एकटा राहावा असंही नाही.

चौथ्या खेपेला बशीरभाईंनी आकडे घासून लखलखीत केले. पावडर चाळून घेतली. गनची वायर बदलली. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणू नये म्हणून शेवटी स्वतःचेही हात साबणाने धुतले. गन चालवली. पावडर रिमभोवती धुरासारखी फिरली, थोडी टेकली आणि पंख्याची झुळूक लागताच पुन्हा गळून पडली.

या वेळी ते चिडले नाहीत. स्टुलावर टेकले. अकरमला त्याचीच भीती वाटली.

"मले येत नाई का आता, बाबू?" बशीरभाई म्हणाले. "मांगं तं आंधळ्यानं मारली असती तरी चिपकत होती."

"पावडर जुनी असन."

"पावडर नवी हाय. मी जुना झालो." ते रिमकडे बघत राहिले. "ती होती तवा दिवसभर बडबड करे. मी म्हनो, गप राय, मले कामात लक्ष लागत नाई. आता कोनी बोलत नाई, तं..."  मग उठून त्यांनी कपाटाचं दार लावलं. दाराच्या कोपऱ्यात खैरुनच्या माहेरच्या दुकानदाराने काढलेलं गुलाबाचं फूल होतं. भट्टीच्या आचेने ते तपकिरी झालं होतं, पण गेलं नव्हतं.

"भंगारवाल्याले बोलाव," ते म्हणाले. "दुपारी लाइन जायच्या आधी येऊन पाहून जाय म्हना."

 जोहरची, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. अकरम बादली भरून आणि आईचा तोटीचा लोटा, बधना, घेऊन शेडच्या मागे गेला. तिथे खैरुनची वजूची, नमाजाआधी हातपाय धुण्याची, जागा होती. घरात मोरी होती, पण मोरीत ती कधी वजू करायची नाही. वजूचं पाणी नालीत जायला नको, हा तिचा हट्ट. शेडच्या भिंतीला लागून तिने पुदिना लावला होता, त्याच्या काठावर पाट टाकून ती दिवसातून पाच वेळा बसायची. हात, तोंड, पाय, सगळं पाणी पुदिन्यात. आता पुदिना वाळून काड्या झाल्या होत्या. अकरमने त्याच पाटावर बसून वजू केली आणि उठताना, त्या काड्यांकडे पाहून, उरलेली बादली वाफ्यात ओतली. माती इतकी तहानलेली होती की पाणी पडताच चर्रर्र आवाज करत आत गेलं.

तो नमाज पढून आला तोवर बशीरभाई गप्प बसलेले असतील, अशी त्याची समजूत होती. बशीरभाई कुठले बसतात! त्यांनी पाचव्यांदा गन हातात घेतली होती, काही आशा होती म्हणून नाही, तर हाताला चाळा हवा म्हणून.

या वेळी पावडर रिमवर झेपावली. पुढून मारली ती मागच्या बाजूलाही वळून बसली. पंख्याची झुळूक आली, एक कण हलला नाही. बशीरभाईंनी भीत भीत बोटाने आकड्याला स्पर्श केला. झटका नाही.

"अकरम! काय केलं बे तू?"

"मी? मी तं नमाज पढत होतो."

"त्याच्या पयले?"

"वजू केली. पुदिन्याले पानी टाकलं."

बशीरभाई तसेच गन हातात धरून शेडच्या मागे गेले. वाळलेल्या पुदिन्याच्या वाफ्यातून निघालेली तांब्याची वायर भिंतीतून शेडमध्ये शिरत होती. ती त्यांना आज जणू पहिल्यांदा दिसली. अर्थिंगची वायर, ओल्या मातीत वीज उतरवणारी. इसरू वायरमनने तिथेच खड्डा खणून तळाशी मीठ-कोळसा भरला होता आणि बजावलं होतं, "भाऊ, ह्याले कोरडं पडू देऊ नका. अर्थिंग गेली तं पावडर धरणार नाई." बशीरभाईंनी हो म्हटलं आणि विसरून गेले. चार वर्षांत आठवण ठेवायची गरजच पडली नाही. खैरुनने भुसभुशीत माती पाहून खड्ड्याच्या काठाला पुदिना लावला आणि ती वजू करायला तिथे बसू लागली.

ते ओल्या मातीवर उकिडवे बसले.

"मले वाटे, माह्या हातात कला हाय," ते म्हणाले. आणि मग पोराच्या देखत, आवाज न करता, रडले. चाळीसव्यालाही ते रडले नव्हते. अकरम पाठीवर हात ठेवून उभा राहिला. घाई कुणालाच नव्हती, पण भट्टी तापली होती, म्हणून थोड्या वेळाने दोघे आत आले.

विजेची लाइन जायच्या आत चारही रिम भाजून निघाले. बिरजू आला, रिममध्ये तोंड पाहून मिशी सारखी केली, तोंडभर कौतुक केलं आणि रिम घेऊन गेला. भंगारवाल्याला कुणी बोलावलंच नव्हतं. अकरमने परतीच्या गाडीसाठी पिशवी भरली, एकट्याची. पैजेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

उन्हं कलताच असरच्या नमाजाची बांग झाली. निरोप घ्यायला अकरम शेडच्या मागे आला आणि कोपऱ्यावरच थबकला. फक्त जुम्म्याला अन् ईदेला मशिदीची पायरी चढणारा त्याचा बाप अम्मीच्या पाटावर बसला होता. शेजारी बधना होता.

"अब्बा, नमाज पढून राह्यले?"

"पुदिन्याले पानी देऊन राह्यलो," बशीरभाई म्हणाले.

पण त्यांनी बाह्या कोपरांपर्यंत वर केल्या होत्या. रंगाने कायमचे डागाळलेले हात ते मनगटापासून धुवत होते, आधी उजवा, मग डावा, अजिबात घाई न करता, खैरुन धुवायची तसे. पाणी कोपरावरून ओघळत खाली वाफ्यात उतरत होतं.