आवाज बंद केलेला फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. घरातल्या फ्रीजशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. मी शून्याखाली ऐंशी अंशांची थंडी सांभाळायचो आणि माझ्या पोटात दूध-भाज्या नव्हे, पेशींच्या कुप्या असायच्या.

माझ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई रक्तातल्या लढाऊ पेशींचा अभ्यास करत. एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप धाडते. तो झेलायला पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. बाईंनी ग्राहीचं जनुक शोधून काढलं, जिवाणूंमध्ये त्याच्या ढीगभर प्रती वाढवल्या आणि ते ग्राही नसलेल्या परक्या पेशींत घातलं. त्या पेशी निरोप झेलू लागल्या, तेव्हा टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझ्याही पाठीवर थाप मारली. मी चांगलाच फुशारलो.

मग एका मुलाचं रक्त आलं. साध्या सर्दीनेही तो अंथरूण धरायचा. त्याच्या ग्राहीच्या जनुकात एक बदल सापडला. आजाराचं मूळ तेच का, हे मात्र त्याच्या जिवंत पेशींत धडधाकट ग्राहीचं जनुक घालूनच कळणार होतं. त्याआधीच मुलगा गेला. त्याची आई पुन्हा गरोदर होती. बाई तिला म्हणाल्या, "मूळ कळलं, तर या बाळावर जन्मल्याबरोबर उपचार सुरू करता येतील."

त्याच्या पेशींच्या कुप्या माझ्याकडे मुक्कामापुरत्याच होत्या. पुढे त्या माझ्याहून कितीतरी थंड अशा द्रव नायट्रोजनच्या टाकीत हलवायच्या असतात. रोज कुणीतरी म्हणे, "उद्या हलवू." माझ्या दाराच्या रबरावर बर्फ साचला होता, दार घट्ट बसत नव्हतं. मी अलार्म वाजवून कोकलत होतो.

"याचं रोजचंच रडगाणं आहे," असं म्हणून तंत्रज्ञाने माझा आवाज बंद केला. मग सुट्टी लागली. आतला बर्फ वितळत गेला आणि मला ओरडताही येईना.

परतल्यावर बाईंनी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सगळ्या मेल्या होत्या. ग्राहीच्या जनुकाच्या प्रती पुन्हा वाढवता आल्या असत्या, पण मुलगा कुठून आणणार?

आई आली तेव्हा बाईंनी काहीच लपवलं नाही. तिने माझ्या दारावर हात ठेवला.

"घरात मी त्याचे कपडेसुद्धा ठेवले नाहीत," ती म्हणाली. "म्हटलं, इथे तो थोडासा जिवंत आहे ना."

मित्रांनो, आता मी जिन्याखाली भंगारवाल्याची वाट बघतोय. त्याचं मला दुःख नाही. त्या बाळाचं काय झालं, हे मात्र मला कुणीच सांगितलं नाही. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या हाताखाली येतील. त्यांच्या दाराचं रबर पुसत जा. आणि एखादं ओरडायला लागलं, तर त्याचं तोंड दाबण्याआधी आत काय आहे ते बघा. कुणाचं तरी मूल असेल.