किक मारणारीशी बोलायचं नसतं

ड्रायरमध्ये काहीतरी खण्ण वाजलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजलं.

त्याआधी घर इतकं शांत होतं की टेबलाखाली बसून चित्र रंगवणाऱ्या टिलीचा श्वास ऐकू येत होता. लिनेयाने यंत्र थांबवलं आणि गरम कपड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. कुणाच्या तरी पँटचं बक्कल उघडं राहिलं होतं. तिने ते लावलं, पँट झटकली, मांडीवर ठेवून घडी घातली.

हॅस्केटच्या शाळेत फुटबॉलच्या टीमचे कपडे कोचच्या बायकोने धुवायचे, ही पद्धत लिनेयाच्या जन्माआधीपासूनची. नऊ पोरं आणि एक पोरगी, एवढीच टीम. फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावायचा, आणि या भागात तोही सहा-सहा जणांचाच खेळतात, कारण अकरा जण मैदानात उभे करायला शाळांत तेवढी मुलंच नाहीत. कपड्यांवरच्या डागांवरून शुक्रवारी कोण कुठे पडलं हे लिनेयाला न सांगता कळायचं. एकच जर्सी दिली तशी परत यायची, तीन नंबरची. किक मारणारीला कुणी पाडत नाही. लिनेया तीही धुवायची. बारा वर्षांपूर्वी तीन नंबर तिचाच होता, आणि तेव्हाच्या कोचची बायको म्हणायची, "तुझे कपडे धुण्यात साबण फुकट जातो बघ."

गेले दोन आठवडे ती जर्सी घडी घालून कपाटात पडून होती. मारिसोल खेळायलाच आली नव्हती. पाय दुखतोय, असा निरोप होता.

"भरलास का तो कागद?"

तिचा नवरा ड्वेन दारात उभा होता, एक हात कोटाच्या बाहीत, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

"कागद तुला आलाय."

"शाळेला आलाय. उद्याच्या टपालाने जायला हवा."

कागद टेबलावरच होता. राज्यभरातल्या छोट्या शाळांना विचारलं होतं: सामन्याच्या सुरुवातीची किक बंद करावी का, आणि चेंडू सरळ वीस यार्डांच्या रेषेवर ठेवून खेळ सुरू करावा का? शिवाय टचडाउन झाल्यावर, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यावर, मारायच्या किकचे दोन गुण काढून एकच द्यावा का? दोन्ही बदल मिळून, हो किंवा नाही. खाली कारणासाठी दोन ओळी. प्रत्येक शाळेला एक मत.

सहा जणांच्या खेळात टचडाउननंतर चेंडू घेऊन धावलं तर एक गुण मिळतो आणि किक मारली तर दोन, कारण एवढ्याशा शाळांत नीट किक मारणारं माणूस मिळणं कठीण. दोनाचा एक झाला की त्या भानगडीत कुणी पडणार नव्हतं, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"हो लिहिलं तर ऑर्वल मला गावात कॉफी गोड लागू देणार नाही," ड्वेन म्हणाला. "नाही लिहिलं तर गॅरेटच्या आईला तोंड कसं दाखवू? तू किक मारायचीस, लिन. मी नाही."

"म्हणजे अंग काढून घेतोयस."

"हो," तो म्हणाला. वाकून त्याने टेबलाखालच्या टिलीचा पाय ओढला, ती खिदळली, आणि तो पुढच्या शुक्रवारी समोर येणाऱ्या टीमचा जुना सामना बघायला मदतनीस कोचच्या घरी निघून गेला.

गॅरेट व्हेलन पलीकडच्या अल्डर गावचा. दोन आठवड्यांपूर्वी, सामन्याच्या पहिल्याच किकला, तो चेंडू झेलायला वर बघत उभा होता. चेंडू हातात आला आणि हॅस्केटची दोन पोरं पूर्ण वेगात त्याच्यावर आदळली. नियमाबाहेर काहीच झालं नव्हतं. ओमाहाच्या हॉस्पिटलात आता त्याच्या डाव्या हाताची बोटं हलायला लागली होती. उजव्याची अजून नाही.

लिनेयाने कागद जवळ ओढला. तिचं ठरलेलंच होतं. पेन्सिलीने तिने 'नाही'समोर अगदी हलकी खूण केली. त्या दोन गुणांपायी तर या गावात एका मुलीच्या अंगावर जर्सी चढते. तेवढंही काढून घेतलं तर मारिसोलने शुक्रवारी कठड्याबाहेर बसून पॉपकॉर्न खावं की काय?

मागचं दार ढकलून ऑर्वल बार्टाक आत आला. चाळीस वर्षं शाळेचा गुणफलक तोच सांभाळत होता, आणि दार वाजवायची सवय त्याला कधीच नव्हती.

"काय गं पाय, नवरा पळाला ना?"

गावात लिनेयाला अजून पुष्कळजण पाय म्हणत. शाळेच्या चार वर्षांत तर तिचं नाव कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पळाला. ते काय आणलंत?"

"भोपळे. बायको म्हणाली, आता घरात भोपळ्याचं काही शिजलं तर मी बहिणीकडे निघून जाईन."

"मग घरीच ठेवायचे होते सगळे."

ऑर्वल हसला आणि हसता हसता त्याची नजर कागदावर गेली. चष्मा नसल्यामुळे त्याने कागद हात लांब करून धरला.

"शाबास. नाहीच लिही. किक नसली की सामना म्हणजे चर्च. या, बसा, सुरू करा. चेंडू वर जातो तेव्हा सगळं गाव श्वास धरून बसतं, पोरी. मी तेवढ्यासाठी येतो."

"आणि गॅरेट?"

त्याने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी परत घातली.

"त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. पण माझा भाऊ ट्रॅक्टरवरून पडून गेला. कुणी ट्रॅक्टर बंद केले?"

लिनेया भोपळे एकेक करून ओट्यावर मांडत होती.

"मारिसोलशी बोललात का तुम्ही?"

"छे." लहान मुलाला समजवावं तसा तो म्हणाला, "किक मारणारीशी बोलायचं नसतं. तुला माहीत आहे की. तिच्या डोक्याला त्रास नको. पोरांनाही मी बजावून ठेवलंय, तिला सध्या एकटी सोडा."

तो गेल्यावर लिनेया बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

तिला माहीत होतं. गुरुवार संध्याकाळपासून किक मारणारीशी कुणी बोलायचं नाही. बोललं की तिचं चित्त ढळतं, नेम चुकतो. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवायची. शाळेच्या व्हरांड्यात पोरं तिला बघून बाजूला व्हायची, अगदी प्रेमाने, देवळातली मूर्ती नेताना माणसं होतात तशी. मग नोव्हेंबरात खेळ संपायचा, आणि पुन्हा बोलायला लागायचं कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. ड्वेन तेव्हा अल्डरच्या टीममधला, त्याला हॅस्केटची पद्धत लागू नव्हती. हरल्यावर तो घामेजलेला, चिखलाने भरलेला, सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला होता. "तुझ्यामुळे हरलो आम्ही. नाव काय तुझं?" आता गुरुवारी-शुक्रवारी तोही घरात बोलत नाही, सामना डोक्यात असतो. लिनेया टिलीशी बोलते.

तिने कपाटातून तीन नंबरची जर्सी काढली, कागद घेतला.

"टिली, बूट घाल. जाऊन येऊ जरा."

गुरांच्या मोठ्या आवारापलीकडे, जिथे मारिसोलचे वडील कामाला होते, तिथे चार-पाच चाकांची घरं वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. मारिसोल पायरीवर बसून भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती. गाडी दिसताच ती उठली.

"मिसेस कुबिक."

"बस, बस. पाय कसा आहे?"

"कुठला?" मारिसोल म्हणाली, आणि मग तिने मान खाली घातली.

लिनेया तिच्या शेजारी पायरीवर बसली. टिली कुत्र्याकडे धावली. लिनेयाने परातीतली एक मिरची उचलली आणि जळलेलं साल नखाने सोलायला लागली. जर्सी दोघींच्या मध्ये पडून होती. तिसरी मिरची सोलून झाली तेव्हा मारिसोल बोलायला लागली, मिरचीकडेच बघत.

"कोच म्हणाले होते, उंच मार. जितकी उंच जाईल तितका आपल्या पोरांना पोचायला वेळ मिळतो."

"बरोबरच सांगितलं त्याने. मलाही तेच शिकवलं होतं."

"इतकी उंच माझ्याच्याने कधीच गेली नव्हती. दिव्यांच्याही वर गेली. मी वरच बघत होते. आवाज आला ना, तेव्हाही वरच बघत होते. मिसेस कुबिक, मी हसत होते."

लिनेयाचं नख सालीतच राहिलं.

"तुझी चूक नव्हती त्यात."

"सगळे तसंच म्हणत असतील." मारिसोलने मनगटाने नाक पुसलं. "म्हणजे मला माहीत नाही. कुणी बोललंच नाही माझ्याशी."

"ती पद्धत आहे गं. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"सामन्याआधी ठीक होतं. पण आता जेवणाच्या सुट्टीत मी बसले की अख्खा बाक रिकामा होतो. मला वाटलं, त्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

"मी हसत होते ते."

वाऱ्याबरोबर गुरांचा वास आला आणि गेला. लिनेयाने हात पुसले आणि पिशवीतून कागद काढला. मारिसोलचे हात ओले होते म्हणून तिने तो धरून ठेवला, आणि मारिसोलने न शिवता वाचला. दोनदा वाचला.

"हे झालं तर किक मारणारीचं कामच राहणार नाही," लिनेया म्हणाली. "मी 'नाही' लिहितेय. तुझी जागा जायला नको."

"कधीपासून होईल हे?"

"'हो' ठरलं तर? पुढच्या वर्षीपासून."

"म्हणजे मला सोडावं लागणार नाही." मारिसोल हळू म्हणाली. "किकच नसेल ना. मी पळून गेले असं कुणी म्हणणार नाही."

"मारिसोल, ऐक. माझ्या वेळी..." लिनेयाने सुरुवात केली. मुलगी कागदाकडे बघत होती, 'नाही'समोरच्या त्या पुसट पेन्सिलीकडे, दुकान बंद होताना पोचलेलं माणूस दाराकडे बघतं तशी. लिनेयाने वाक्य तिथेच सोडलं आणि कागदाची घडी घातली.

"उद्या जेवणाच्या सुट्टीत मी येऊ का तुझ्यासोबत बसायला?"

मारिसोल पहिल्यांदाच थोडी हसली.

"तुम्ही कोचच्या बायको. शेजारचा बाकही रिकामा होईल."

निघताना तिने सोललेल्या मिरच्यांची एक वाटी बळेच लिनेयाच्या हातात दिली. जर्सी कोरड्या कोपराने छातीशी दाबून धरली आणि दार पायाने ढकलून आत गेली.

पोस्ट ऑफिस बंद होतं, पेटी बाहेर होती. लिनेयाने गाडी तिच्याजवळ लावली, कागद स्टिअरिंगवर टेकवला आणि पेन्सिलीची खूण खोडरबराने खोडली. टिलीचंच रबर होतं ते, सशाच्या आकाराचं, एक कान झिजलेला. कागदावर गुलाबी चुरा राहिला, तो तिने फुंकला. मग पेन काढून 'हो'समोर खूण केली.

कारणाच्या ओळींपाशी ती थांबली. किक बंद केल्याने खेळ सुधारेल का, असं तिथे छापलेलं होतं. सुधारेल की बिघडेल, तिला खरंच सांगता आलं नसतं. ऑर्वल म्हणतो ते खोटं नव्हतं. चेंडू वर गेला की अख्खं गाव एकाच वेळी वर बघायचं, आणि तेवढा वेळ खालच्या कुणाचंच कुणाकडे लक्ष नसायचं. ती खाली उभी असायची तेव्हाही.

पहिल्या ओळीवर तिने लिहिलं, गॅरेट व्हेलन. दुसऱ्या ओळीवर लिहिलं, मारिसोल ओर्तेगा. आणखी काही लिहायला जागा नव्हती. पाकीट बंद केलं, काच खाली करून हात लांब केला, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तसाच बाहेर ठेवला.

"काय लिहिलंस?" मागून टिलीने विचारलं.

"शाळेचं काम होतं. मैदानात आता किक नको, असं."

"कुणीच मारायची नाही?"

"कुणीच नाही."

टिलीने यावर विचार केला. तिच्या बुटांना लागलेली माती ती पुढच्या सीटच्या पाठीला घासत होती, पण लिनेया तिला रागावली नाही. मिरच्यांच्या वासाने गाडी भरून गेली होती. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी लिनेयाने गाडी थांबवली. डावीकडे कुणी नव्हतं. उजवीकडे, पार धान्याच्या कोठारापर्यंत, कुणी नव्हतं.

"आई," टिली म्हणाली, "मग सगळे खेळतील तेव्हा मारिसोल कुठे उभी राहणार?"