तिसरा कॅप्टन आणि पुलावरची बस

पहिला कॅप्टन हॅलोरन खरोखर उडायचा. त्याच्या चित्रकथांवर आमच्या क्लीव्हलंडच्या कितीतरी पिढ्या पोसल्या. आत्ताचा तिसरा त्याचा पणतू. ह्याला उडवतो तो पोशाख. पोशाख उतरवला तर हा जिना चढतानाही धापा टाकेल.

मार्चमध्ये सरोवर फुगलं, नदी उलटी चढली आणि आमची बिनचालकाची बस पुलाचा कठडा तोडून निम्मी बाहेर लोंबकळली. आत आम्ही दहाबारा जण. शाळेत स्वयंपाक करणारी रोझलिन ओकाफोर मागच्या बाकावर होती. तिनं पिशवीतला बिडाचा तवा काढून मागची काच फोडली. "पुढचे आधी या," ती म्हणाली, "आणि हळू." एकेक करत आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो.

मग कॅप्टन आला. भोवती कॅमेरे माश्यांसारखे घोंघावत होते. उतरल्यावर त्यानं आधी केस सारखे केले.

"आत किती जण आहेत?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं. तो गोड हसून म्हणाला, "दोघं-तिघं परत आत बसता का? बस मी धरतो. मिनिटभराचं काम."

कुणीच हललं नाही. फक्त म्हातारा वॉल्टर पेट्रोस्की निघाला. त्याच्या दंडावर पहिल्या कॅप्टनचं चित्र गोंदलेलं होतं. रोझलिननं त्याची कॉलर धरली.

"वॉल्टर, कुठे निघालास?"

"त्यानं बोलावलंय ना."

रोझलिन कॅप्टनकडे वळली. "बाळा, तूच बस की आत. आम्ही काढतो तुला."

लोक हसले. कॅप्टननं रागानं रिकामी बस उचलली, तो कॅमेऱ्यांकडे वळला, तेवढ्यात पोशाखाचा डावा पाय लटपटला. बस सरळ नदीत गेली. तो कठड्याला मिठी मारून उभा राहिला.

संध्याकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही टोमॅटोचं सूप पीत बातम्या पाहिल्या. कॅप्टननं सगळ्या प्रवाशांना वाचवलं होतं म्हणे. बस उचलताना दाखवली, पुढचं कापलेलं.

वॉल्टरनं चमचा खाली ठेवला.

"मी परत बसमध्ये जाणार होतो," तो म्हणाला.

"माहितेय," रोझलिन म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात आणखी सूप ओतलं.