जिजूंना एक वाजेपर्यंत डोंगरावर ठेवणे

दोघं भावंडं जपानातच, पण वेगवेगळ्या शहरांत. गेले दोन महिने व्हिडिओ कॉलवर वैभवीचा अर्धाच चेहरा दिसत होता. आधी सुशांतला वाटलं फोन पडला असेल. मग एकदा त्याने विचारलंच, "ताई, डावीकडे काय झालंय?"

"रणजित झालाय," वैभवी म्हणाली आणि फोन जरा फिरवला.

जिजूंचं नाव ऐकताच सुशांत पोलिसांचं बोलायला लागला. वैभवीने त्याला पुरतं बोलू दिलं, कारण धाकट्या भावाचं बोलणं मध्येच तोडलं की तो पहिल्यापासून सुरू करतो. मग म्हणाली, "पोलिसांकडे मी जाऊन आले. वकीलही बघितलीय. सेंदाईला लॅबमध्ये नोकरी मिळालीय, खोली मिळालीय. मला फक्त एक दिवस पाहिजे. हा दुपारी कधीही ऑफिसातून घरी उगवतो. तू त्याला एक दिवस कुठेतरी ने."

"कुठे?"

"जिथे रेंज नाही तिथे."

बेत सोपा होता. शुक्रवारी सकाळी सामानवाले येणार, ती कोतो भागातला फ्लॅट रिकामा करणार, एक वाजता लेकीला, ओवीला, बालवाडीतून उचलणार आणि सेंदाईची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडणार. तोवर रणजितला पत्ता लागता कामा नये. लागला, तर तो बालवाडीत एक फोन करून सांगेल की मुलीला आईच्या ताब्यात देऊ नका, आणि मग ओवी इथे आणि वैभवीही इथेच.

रणजितला न्यायला फारसे कष्ट पडले नाहीत. पुण्यात कॉलेजात असताना त्याने पावसात एक गड चढला होता आणि तेव्हापासून तो खाली उतरलाच नव्हता. सुशांतने नुसतं म्हटलं, "जिजू, याकुशिमाचा ट्रेल तुम्हाला झेपणार नाही," की तिकडून विमानाची तिकिटं आली.

याकुशिमा म्हणजे जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेटाच्या खाली समुद्रात टाकलेला डोंगर. किनाऱ्यावर केळी आणि जास्वंद, वर ढग, आणि मध्ये इतकं हिरवं शेवाळ की दगड कुठला आणि झाड कुठलं ते पाय ठेवल्यावरच कळतं. सकाळी शटल बसने दोघं ट्रेलच्या तोंडाशी उतरले. पूर्वी डोंगरातून लाकूड आणायला टाकलेली छोटी रेल्वेलाइन तिथून आत जाते, आणि आता तिच्यावरून माणसं हजारो वर्षांचं एक झाड बघायला चालत जातात. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. सुशांतला जागा पसंत पडली. बोलायला निवांत होती. एकच गोष्ट त्याने पाहिली नव्हती: जपानमधले निम्मे निवृत्त लोक त्याच शुक्रवारी तिथे आले होते. डोंगरात समोरून येणाऱ्याला थांबून, बाजूला होऊन कोन्निचिवा, म्हणजे नमस्कार, म्हणायचं ही तिथली रीत, आणि हे लोक ती मनापासून पाळत होते.

नऊच्या सुमारास एका वळणावर, कुठून कोण जाणे, रेंजची एक दांडी आली. रणजितचा फोन वाजला. बिल्डिंगच्या व्यवस्थापकांचा सगळ्या रहिवाशांना मेसेज होता. आज फ्लॅट अकराशे चारमधले कुटुंब घर सोडत असल्याने लिफ्ट बारापर्यंत सामानासाठी राखून ठेवली आहे, होणाऱ्या गैरसोयीबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.

रणजितने तो दोनदा वाचला. अकराशे चार म्हणजे तोच.

"सुश्या," तो म्हणाला, "हे काय आहे?"

"लिफ्टचं आहे," सुशांत म्हणाला.

रणजितने फोन लावला. दांडी गेली. त्याने फोन उंच धरला, गोल फिरला, मग सुशांतकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो वळून बसथांब्याकडे निघाला. तिथे रेंज होती आणि तिथवर दीड तास. सुशांत रुळांच्या मधोमध उभा राहिला.

"जिजू, तुम्ही झाड बघितलं नाहीत अजून."

रणजितने त्याच्या नाकावर ठोसा मारला. रणजितला सराव होता. सुशांतला नव्हता, पण त्याच्या हातात भाड्याने घेतलेली ट्रेकिंगची काठी होती. ती त्याने रणजितच्या कानशिलावर आडवी हाणली, आणि मारता मारता त्याच्या मनात आलं की पोचा आला तर डिपॉझिट जाईल. रणजितने त्याला गळ्याला धरून कड्यावर आपटलं.

"कोन्निचिवा," कुणीतरी म्हणालं.

पिवळ्या रेनकोटातले बारा-पंधरा आजी-आजोबा वळणावरून येत होते. पुढे त्यांची गाइड मोरिता-सान. रणजितने गळा सोडला. दोघं कड्याला चिकटून उभे राहिले, माना लववल्या, प्रत्येकाला वेगवेगळं कोन्निचिवा म्हणाले. सुशांतच्या नाकातून रक्त रेनकोटावर ठिबकत होतं.

मोरिता-सान थबकली. "माकड?" तिने काळजीने विचारलं.

"हो," सुशांत म्हणाला. "मोठं होतं."

शेवटची आजी वळणाआड गेली तसं रणजितने सुशांतच्या पोटात गुडघा घातला. सुशांतने त्याचं मनगट चावलं आणि फोन हिसकावला. रणजितने त्याचे केस धरले. तेवढ्यात वरून एक जोडपं उतरत आलं, म्हणून केस सोडून दोघं बाजूला झाले. जोडपं फोटो काढायला थांबलं. रणजितने हसून त्यांचा फोटो काढून दिला, त्यांना वाट दिली, आणि सुशांतचा पुढचा दात पाडला.

सुशांतने फोन दरीत फेकला.

याचा परिणाम त्याच्या कल्पनेबाहेरचा झाला. दात पडताना कुणी वळून पाहिलं नव्हतं, पण आता वळणापलीकडे डबे खायला बसलेला पिवळा गट उठून परत आला. सगळ्यांत बुटकी आजी सुशांतसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली. डोंगरात कचरा टाकायचा नसतो. आणलेलं परत न्यायचं असतं. त्यात बॅटरी असते, बॅटरी तर वेगळीच टाकावी लागते. सुशांत तोंडातलं रक्त गिळत "चुकलं" म्हणाला, ती "असू दे" म्हणाली. तोवर तिचे यजमान दोर बांधून दरीतल्या ओढ्यात उतरले होते.

सत्तरीचा तो माणूस दगडांवरून असा सरसर गेला की सुशांतला मनापासून वाईट वाटलं. पाच-सात मिनिटांत फोन वर आला. आजोबांनी तो टॉवेलने पुसला, चालू होतोय का पाहिलं, चालू होत होता, आणि दोन्ही हातांनी रणजितला दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रणजितने कमरेत वाकून आभार मानले आणि पळत सुटला.

सुशांत मागे. त्याच्या छातीत फासळी दर पावलाला काहीतरी सांगत होती. एक अरुंद पूल आला आणि त्याच्या फळ्या ओल्या म्हणून रणजित जरा मंदावला. पूल संपताच सुशांतने त्याच्या पाठीवर अंग टाकलं. दोघं रुळांवर पालथे पडले. सुशांतच्या हाताला दगड लागला.

तो क्षणभर थांबला. हे काम घाईत करण्यातलं नाही, हे त्याला कळत होतं. त्याने रणजितचा उजवा पाय रुळावर नीट ठेवला, जसं कोनाड्यात काही ठेवावं, आणि म्हणाला, "जिजू, सॉरी हं. पाय सैल सोडा." मग घोट्यावर दगड घातला. एकदा नीट लागला नाही म्हणून दुसऱ्यांदा.

रणजितची किंकाळी ऐकून मोरिता-सान धावत आली, मागे दोन आजोबा. त्यांनी घोटा पट्टीने इतका सुरेख बांधला की तो मोडणाऱ्यालाही समाधान वाटावं. ढगात हेलिकॉप्टर येणार नाही, ती म्हणाली, पण आम्ही आळीपाळीने उचलून तासाभरात खाली नेऊ.

तासाभरात म्हणजे साडेअकराच्या आत.

"नको," सुशांत म्हणाला. "हे आमचे जिजू आहेत. ताईला काय तोंड दाखवू? मीच नेणार."

बुटक्या आजीचे डोळे भरून आले. रणजित इंग्रजीवर नोकरी केलेला माणूस, त्याने जमेल तेवढं जपानी गोळा केलं आणि सुशांतकडे बोट दाखवून म्हणाला, "हा माणूस, वाईट."

"असं म्हणू नये," आजी म्हणाली. "फार चांगला आहे."

सुशांतने रणजितला पाठंगुळी घेतलं. वजन ऐंशीच्या वर. त्याला हळू चालण्याचा अभिनय करावा लागला नाही. पिवळा गट निरोप घेऊन झाडाकडे गेला, आणि रणजितने वरून बुक्क्या घालायला सुरुवात केली. डोक्यात, कानावर, मानेत. सुशांत चालत राहिला. मध्येच तो दम खायला थांबे तेव्हा रणजितही थांबे.

"ती परत येईल," रणजित म्हणाला.

"पाय जरा वर घ्या. फासळीला लागतोय."

"बायको आहे माझी. मी काय रोज मारतो?"

सुशांतने एक मोठं पाऊल टाकून रणजितचा घोटा कड्यावर घासला.

बसथांबा अजून लांब होता, पण एका मोकळ्या जागी रेंज आली. रणजितने बालवाडीचा नंबर लावला. फोन सुशांतच्या कानाशीच होता, त्यामुळे त्यालाही सगळं ऐकू आलं. बाईंचा आवाज गोड होता. ओवी-चानची आई आत्ताच येऊन गेली. ओवी-चानने स्वतःचा टॉवेल, कप, चपला स्वतः भरल्या. सगळ्यांना वाकून निरोप दिला. आम्हाला सगळ्यांना रडू आलं. सेंदाईला आईंना लॅबमध्ये नोकरी मिळाली, त्याबद्दल अभिनंदन. बाबांनीही तब्येत सांभाळावी.

एक वाजून गेला होता.

रणजितने फोन बंद केला आणि सुशांतच्या कानापाशी तोंड आणून शांतपणे म्हणाला, "सेंदाई काय, अमेरिका नाही. एक पाय आहे मला. लॅबच्या दारात उभा राहीन. या वेळी दोन्ही गाल करीन."

सुशांत थांबला. त्याने रणजितला अलगद रुळावर बसवलं, पाठीला आधार बघून दिला, आणि इकडेतिकडे शोधू लागला. एक दगड फार मोठा होता. एक ठिसूळ निघाला. तिसरा हातात नीट बसला. तो घेऊन तो परत आला आणि रणजितचा डावा पाय धरून रुळावर ठेवला.

"सुश्या."

"सैल सोडा."

"नाही जाणार. सेंदाईला नाही जाणार. वकिलाकडून काय ते करू. आईशप्पथ."

सुशांतने त्याच्याकडे पाहिलं. रणजितची नजर खाली गेलेली होती. सुशांतने पाय सोडला, पण दगड टाकावासा त्याला वाटेना. जिजूंनी शब्द फिरवला तर परत एवढा चांगला दगड कुठे मिळणार? मात्र रणजितला उचलायला दोन्ही हात लागत होते.

"धरा जरा," तो म्हणाला, दगड रणजितच्या हातात दिला आणि त्याला पाठीवर घेतलं.

दहा-बारा पावलं गेल्यावर आपण काय केलंय ते त्याच्या लक्षात आलं. मागून रणजितचा श्वास मानेवर लागत होता. बुक्क्या थांबल्या होत्या. सुशांतने चाल वाढवली नाही, कमीही केली नाही.

"जिजू," तो म्हणाला, "ताईची ट्रेन सुटली असेल आता."

दगड खाली पडल्याचा आवाज अजून आला नव्हता.