नवा कधी घेताय, माएस्त्रो?

"खोकं बाहेर ठेवलंय तिनं!" मेर्सी पावाची पिशवी छातीशी धरून धावतच घरात आली. "कचऱ्याच्या ढिगावर, अख्खंच्या अख्खं. वर कन्सोलचं हे एवढं चित्र! अगं बाई, निदान चित्राची बाजू खाली तरी करायची!"

तिचा नवरा उबाल्दो यागुआल जेवत होता; त्याच्या हातातला घास हातातच राहिला. ग्वायाकिलच्या त्या वस्तीत नव्या वस्तूचं खोकं असं कुणी टाकत नसे. टीव्ही आला की आधी खोक्याचे तुकडे करायचे, मग ते केळ्याच्या सालींत मिसळून थोडेथोडे बाहेर काढायचे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वस्तू घरात यायला हरकत नव्हती, ती डोळ्यावर यायला नको होती.

"कुणी कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. हात मात्र कुणी लावला नाही. मी तरी हात कसा लावू? मलाच कुणी बघितलं असतं म्हणजे?"

खोकं टाकणाऱ्या तार्खेलियाबाई, सगळ्यांच्या 'दोन्या' तार्खेलिया, पलीकडच्या गल्लीतल्या. नातवाला घेऊन डोंगराकडून आलेल्या, वस्तीत अजून नव्याच. उबाल्दोसारखीच त्यांनीही घराच्या पुढच्या खोलीत पोरांना तासावर व्हिडिओ गेम खेळायला द्यायची सोय केली होती. फरक इतकाच, की त्यांचा कन्सोल नवा कोरा होता.

उबाल्दोकडे चार होते आणि चारही म्हातारे. एकाच्या झाकणावर विटेचा तुकडा ठेवल्याशिवाय सीडी फिरत नसे. त्यातल्या फुटबॉलमध्ये धावणारे खेळाडू प्रत्यक्षात केव्हाच निवृत्त होऊन पोटं सुटून बसले होते. तरी याच खोलीवर त्याचा संसार झाला होता. आता शाळा सुटली की पोरं त्याच्या दारावरून पुढे पळत. एखादं गुणी पोर पळता पळता उस्तादाला हाक मारावी तसं "काय माएस्त्रो!" म्हणे, आणि तेच उबाल्दोला जास्त लागे.

मेर्सीचा भाऊ सीमेपलीकडच्या बाजाराला निघाला होता. हो म्हटलं असतं तर तांदळाच्या पोत्यात घालून नवा कन्सोल आणायला तो तयार होता. आज त्याला कळवायचं होतं.

"जाड्या, काय ते ठरव एकदाचं," मेर्सी म्हणाली. "नाही घेतलास तर खोली बंद. मग काय मी चौकात केळ्याचे बोलोन तळून विकत बसू?"

"आणि घेतला तर?"

मेर्सीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. आज शुक्रवार होता आणि शुक्रवारी हाइरो येई.

हाइरो 'लस' न्यायला येई, म्हणजे टोळीचा हप्ता. ही लस ज्यानं दर आठवड्याला घेतली त्याचं दुकान जळत नसे, म्हणून तिला ते नाव. लहानपणी हाच हाइरो याच खोलीत खेळायला शिकला होता. त्याची आई कामावरून उशिरा यायची, तेव्हा मेर्सीनं त्याला कितीदा तरी जेवू घातलं होतं. आता मेर्सी त्याची चाहूल लागली की स्वयंपाकघरात जाऊन उभी राही.

दुपारी तो आला. एरवी खिडकीच्या गजांतून हात आत घालून, पाकीट घेऊन निघून जायचा. आज म्हणाला, "दार उघडा की, माएस्त्रो. खेळावंसं वाटतंय."

उबाल्दोनं दार उघडलं. हाइरो विटेच्या कन्सोलसमोर बसला आणि रिमोट हातात घेऊन रिकाम्या खोलीभर नजर फिरवली.

"पोरं कुठंयत?"

"येतील. ऊन आहे ना."

हाइरोनं खेळ सुरू केला. मग डोळे पडद्यावर ठेवूनच म्हणाला, "नवा कधी घेताय, माएस्त्रो?"

उबाल्दोला अंदाज येईना. पोरगा हौसेनं विचारतोय की हिशेबानं? 'घेतोय' म्हणावं तर पैसा आहे असं ठरणार. 'परवडत नाही' म्हणावं तर उद्या लसही परवडणार नाही, असं त्याच्या कानाला ऐकू येणार. काहीतरी बोलायला तर हवं होतं, आणि तो बोलून गेला.

"मला कशाला हवा? दोन्या तार्खेलियांकडे आहे ना. पोरं सगळी तिकडेच असतात."

स्वयंपाकघरातला चमच्याचा आवाज थांबला.

"असं होय," हाइरो म्हणाला. "चांगलाय का?"

"मी... मी कुठं पाहिलाय."

हाइरोनं एक गोल मारला, स्वतःशीच हसला आणि पाकीट खिशात घालून निघून गेला.

"काय बोललास तू हे?" मेर्सी बाहेर आली. चमचा अजून तिच्या हातातच होता.

"अगं, खोकं सगळ्या गल्लीनं पाहिलंय. त्याला काय ठाऊक नसेल?"

"ठाऊक होतं तर तू कशाला सांगितलंस?"

"जाऊन तिला सावध करतो," उबाल्दो म्हणाला आणि दारापर्यंत गेलाही. कोपऱ्यावर मोटारसायकल उभी होती, तिच्यावर कुणी ओळखीचं नसलेलं पोरगं याच दाराकडे बघत बसलं होतं.  उबाल्दो आत येऊन, कडी लावून म्हणाला, "भावाला नको म्हणून कळव." नवा घ्यायचा नाही हे ठरलं, तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भयंकर लाज वाटली.

रविवारी कळलं, की दोन्या तार्खेलियांचं दार मोडून पडलंय आणि त्या नातवाला घेऊन पहिल्या बसनं डोंगराकडे परत गेल्या. "जिवानिशी सुटली म्हणायची," असं लोक म्हणाले. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. उबाल्दोही विचारायला गेला नाही.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला हाइरो दारात उभा. काखेत उशीचा अभ्रा, अभ्र्यात काहीतरी चौकोनी.

"तुमच्यासाठी आणलाय, माएस्त्रो. पैसेबिसे नको हं. खेळायला तुम्हीच शिकवलंत ना मला!" तो मनापासून बोलत होता, आणि त्याचीच उबाल्दोला जास्त भीती वाटली.

हाइरोनं विटेचा कन्सोल अलगद उचलून खाली ठेवला. वायरी स्वतःच जोडल्या. तोवर बातमी लागून पोरं गोळा झाली होती. गजांना नाकं लावून ढकलाढकली चालली होती, कुणी कुणाच्या पायावर पाय देत होतं.

पडदा उजळला. 'कोण खेळतंय?' अशी अक्षरं आली आणि खाली नावं उमटली. इकेर. दामारिस. थोरला लुचो. पोरांनी ती पलीकडच्या गल्लीत, दोन्या तार्खेलियांकडे बसून स्वतःच भरली होती. शेवटी कोंबडीचं चित्र आणि त्याखाली 'आजी'.

ढकलाढकली थांबली. इकेरनं आपलं नाव ओठ हलवत वाचलं, मग उबाल्दोकडे पाहिलं. दामारिसनं दप्तर खांद्यावर चढवलं. एकेक करून पोरं निघाली. रोजच्यासारखं पळालं मात्र कुणी नाही.

"काय झालं यांना?" हाइरो म्हणाला. "जाऊ दे. तुम्ही बसा." त्यानं दुसरा रिमोट पुढे केला. "कुठलं नाव घेताय, माएस्त्रो?"

उबाल्दो खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला आणि त्यानं रिमोट घेतला.

"तू म्हणशील ते, बाळा," तो म्हणाला.