दगडी माणसाच्या तोंडाचं लोणी

माझा मुलगा उचराल अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. उंट ओरडला की तोही ओरडे, जीप घुरघुरली की घुरघुरे. पण शब्द म्हणाल तर एक नाही. दलानझदगद शहरातल्या डॉक्टरांनी कान तपासले. "कान उत्तम आहेत, वाट बघा," म्हणाले. वाट बघणं मला जमत नाही.

सासूबाईंकडे उपाय तयार होता. आमच्या गेरपासून, म्हणजे लोकरी तंबूपासून, हाकेच्या अंतरावर, गोबीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोरलेला दगडी माणूस उभा आहे. "त्याच्या तोंडाला लोणी लाव. माझी नणंद चार वर्षांची होईतो मुकी होती. लोणी लावलं, ती आजतागायत गप्प बसलेली नाही."

"आई, तो संरक्षित आहे! आणि राखायला तुमचाच मुलगा नेमलाय."

मी उलानबातरला भूगोल शिकलेय. दगडात स्निग्ध पदार्थ मुरला की तो कसा डागाळतो आणि खराब होतो, ते मला पाठ आहे.

तिसऱ्या दिवसापासून मी गुपचूप लावायला लागले. आधी नखभर, चाखण्यापुरतं. मग चमचा नेऊ लागले.

महिन्याभराने राजधानीतून ओयुनबाई आल्या, पुराणवस्तूंच्या तज्ज्ञ. त्यांनी भिंग काढून दगडाचे तुकतुकीत ओठ पाहिले. शेजारी एक शेळी जिभल्या चाटत उभी होती.

"गंझोरिग, हे कोण करतं?"

माझा नवरा निरागसपणे म्हणाला, "पर्यटक असतील, बाई."

"मार्चमध्ये? धुळीच्या वादळात? लोणी घेऊन?"

"माझ्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे धरलेत."

मी उचरालला कडेवर घट्ट धरून डोंगर न्याहाळू लागले. त्याने हात सोडवून घेतला, माझ्या गालावर बोट टेकवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला,

"आई लावते. रोज!"

"बोलला!" मी किंचाळले. "ओयुनबाई, ऐकलंत ना?"

"ऐकलं. लिहूनही घेतलं."

"पुन्हा म्हण ना, राजा. कोण लावतं?"

"आई!"

गंझोरिगने कपाळाला हात लावला. "अरे, गप्प बस की!"

"खबरदार त्याला गप्प केलंस तर!" सासूबाई कडाडल्या.

ओयुनबाईंनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाल्या, "गंझोरिगला यात ओढत नाही. पण दगड तुम्ही साफ करायचा. माझ्या देखरेखीखाली."

आठवडाभर मी कापूस आणि सफाईचं द्रावण घेऊन त्या ओठांशी बसले होते. उचराल शेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेंढपाळाला आईने काय केलं ते सांगत होता. मी एकदाही त्याला अडवलं नाही.