काठ गोंदियाले गेला

"ज्ञान गोळा करणारे पैशाला पासरी मिळतात. ते नीट लावून ठेवणारं माणूस युगात एखादंच निपजतं."

मोहाडीच्या शोभाताई धकाते यांनी एका सकाळी आपल्या मोबाइलवरच्या ग्रुपला हे कळवायचं ठरवलं, आणि त्याच क्षणी फोनने त्यांना कळवलं की जागा संपली आहे. मग हा विचार यजमानांच्या, म्हणजे सेवकरामांच्या, फोनवरून जगापुढे ठेवावा लागला. अशा अडीअडचणीसाठीच त्यांचा नंबर बायकांच्या ग्रुपात घालून ठेवलेला होता. दुपारपर्यंत चाळीसेक जणींनी "वा, सेवकरामभाऊ" म्हणून हात जोडले.

ग्रुपाचं नाव 'भंडारा-गोंदिया क्रोशे भगिनी मंडळ'. जिल्हा नव्व्याण्णव साली फुटला, गोंदिया वेगळा निघाला, कचेऱ्यांतली कपाटं वाटून झाली; पण क्रोशाच्या सुईपर्यंत ही बातमी पोचली नव्हती. भंडाऱ्यातल्या तुमसरच्या बाईने दुधावर झाकायच्या रुमालाचा फोटो टाकला की गोंदियातल्या तिरोड्याची बाई संध्याकाळपर्यंत त्याला मणी लावून दाखवी.

नमुने येत सगळ्या जगातून. कोणी फेसबुकवरच्या लाखभर बायकांच्या मंडळातून उचलून आणी, कोणी एखाद्या रशियन बाईच्या व्हिडिओतून, ज्यात बाई कधीच दिसत नाही, नुसती नखं दिसतात. इतके नमुने येत की विणायला वेळ उरत नसे, आणि हवा तो नेमका सापडत नसे. एकीने तोरण मागितलं की वीस जणी वीस तोरणं पाठवत. दुसऱ्या दिवशी दुसरी तेच तोरण मागे, आणि त्याच वीस जणी तीच वीस तोरणं पुन्हा पाठवत. यात काही चुकतंय असं कोणालाच वाटत नव्हतं. शोभाताईंना वाटलं.

धकाते हे पिढीजात कोष्टी. माग कधीचा मोडीत निघाला, पण कापडाचं दुकान राहिलं, आणि त्या दुकानातल्या साड्यांच्या बाजूला शोभाताईंचं निम्मं आयुष्य गेलं. तिथला कायदा एकच: साडी काठावरून ओळखायची. घडी अशी घालायची की काठ बाहेर राहील. गिऱ्हाईक करवतीकाठी मागतं, रुईफुली मागतं. मधलं अंग कसं असावं हे ते घरी गेल्यावर ठरवतं. तोच कायदा शोभाताईंनी क्रोशाला लावला. आलेल्या प्रत्येक नमुन्याचा फोटो कापून दोन करायचे. अंग वेगळं, काठ वेगळा. आणि अखंड नमुना पुसून टाकायचा, कारण तो जागा खातो.

"अवं, मागावर काठ अंगासंगंच विणल्या जाते," सेवकराम म्हणाले. "तू कापून कायले ठेवून राहिली?"

"दुकानात गिऱ्हाईक पहिले काय पाह्यते?"

"काठ."

"मंग झालं."

'मंग झालं'च्या पुढे बोलणं नेण्याची धकाते घराण्यात रीत नव्हती. सेवकराम पेपर वाचू लागले.

अंगं शोभाताईंच्या फोनमध्ये राहिली. काठांना तिथे जागा नव्हती, म्हणून ते रीना मेश्रामकडे गेले. रीनाबाई तिरोड्याला पोस्टात. वर्गवारी करण्याचा पगार मिळणारी ग्रुपातली ती एकटीच, तेव्हा निवड योग्यच होती. तिने टेलिग्रामवर 'काठ' नावाचं खातं उघडलं आणि तीनेकशे काठ त्यात ओळीने लावले. सगळ्या ग्रुपाने टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात साकोलीहून फोन आला. शोभाताईंच्या धाकट्या भावाच्या, कुंदनच्या घरी पुष्कळ वर्षांनी पाळणा हलला होता. मुलगी झाली होती.

आता शोभाताईंच्या माहेरी एक रीत आहे. बारशाला बाळाच्या अंगावर आधी आत्याच्या हातची कुंची चढवायची, आणि मग त्याच आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. कुंची जिची, नाव तिचं. सख्खी आत्या शोभाताई. पण चुलत आत्या बेबीबाई साकोलीतच राहायची आणि तिने हायवेवरच्या दुकानातून सशाचे कान असलेली मखमली कुंची आणून ठेवलीसुद्धा होती. "ताईची झाली त चांगलंच हाय," ती सगळ्यांना सांगत होती, "नाई झाली त आपली हायच." तिने नावही काढून ठेवलं होतं: कियांशा. त्याचा अर्थ तिला नेटवर तीन ठिकाणी तीन मिळाला होता आणि तिन्ही आवडले होते.

शोभाताईंना मुलीचं नाव यमुना ठेवायचं होतं. यमुना त्यांची आई. कुंदन पाळण्यात असतानाच ती गेली, आणि त्याला आंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं शोभाताईंनी केलं. हे त्यांनी ग्रुपावर टाकलं नाही. ग्रुपावर एवढंच टाकलं की धानाच्या लोंबीचा काठ असलेली कुंची विणायला घेतली आहे, असा काठ जिल्ह्यात कोणी पाहिला नसेल.

कुंचीचं अंग विणून होत आलं आणि रीनाबाईने एका सकाळी ग्रुपावर गुलाब टाकला. क्रोशाचाच, लाल लोकरीचा. खाली 'शुभ सकाळ'. ग्रुपाच्या प्रमुख म्हणून शोभाताईंनी तो काढून टाकला.

"ताई, माहा गुलाब कुठं गेला?" रीनाबाईने विचारलं.

"शुभ सकाळ बंद हाय म्हणून सांगतलं होतं न."

"ते शुभ सकाळ नोहोय. नमुना होय तो. पाकळ्या पाहा त्याच्या."

"नमुना असंल त अंग कोणचं, काठ कोणचा?"

"गुलाबाले काठ राहते काय ताई?"

"मंग तो नमुना नोहोय."

 सगळ्या जणी वाचत होत्या. मग रीनाबाईने लिहिलं, "जिल्हा वेगळा होऊन इतके वर्षं झाले. आमचे गुलाब अजून भंडाऱ्याच्याच ताब्यात काहून?"

संध्याकाळच्या चहापर्यंत तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा एकामागून एक बाहेर पडले. रात्रीच्या भाकरी थापायच्या आत 'गोंदिया क्रोशे सखी' नावाचा नवा ग्रुप उभा राहिला, आणि 'काठ' नावाच्या खात्याला कुलूप लागलं, कुंचीच्या लोंबीसकट.

"जिल्हा फुटला तवा सरकारनं भी असं नोहोतं केलं," सेवकराम म्हणाले. "अंग एकाले अन् काठ एकाले."

 शोभाताईंच्या मांडीवर पिवळ्या लोकरीची बिनकाठाची कुंची होती. काठाशिवाय कुंचीच्या कडा सुरळी होऊन आत वळत होत्या, आणि त्यांना तिच्या जागी सशाचे कान दिसत होते.

जग मोठं आहे, असं म्हणून त्या जगात शिरल्या. फेसबुकवरच्या सगळ्यात मोठ्या मंडळात कुंचीचा फोटो टाकला आणि विचारलं, याचा काठ कोणाकडे आहे? सकाळी उठून पाहतात तो लाल बदामांचा पाऊस पडलेला. ब्राझीलच्या एका बाईने काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. फोनने त्याचं मराठी केलं ते 'तुझा भोपळा पाहून माझी आई रडली' असं. बाकीच्या सगळ्या जणी एकच विचारत होत्या: नमुना मिळेल का? पाहुण्याला नाही कसं म्हणावं, म्हणून शोभाताईंनी दोघीतिघींना अंग पाठवलं. पोलंडच्या बाईने आभार मानले आणि विचारलं, "आणि काठ?"

तेव्हा घरातल्या घरात उपाय करायचा ठरला. सून तेजस्विनी हिने आयुष्यात सुई हातात घेतली होती ती बटणापुरती. तिला सालेकश्याची रहिवासी करून गोंदियाच्या ग्रुपात पाठवलं. दारातच रीनाबाईने विचारलं, आपण केलेलं एखादं काम दाखवा. तेजस्विनीने घरातल्या फ्रिजवरच्या रुमालाचा फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं.

"रुमाल मस्त हाय. तुमच्या सासूबाईले नमस्कार सांगजा. डाव्या कोपऱ्यात टाके सैल पडते त्याहिचे, हे भी सांगजा."

तेजस्विनीने पहिलं वाक्य सासूला वाचून दाखवलं. पण तोवर फोन शोभाताईंनी हातात घेतला होता.

बारसं परवावर आलं. साकोलीहून बेबीबाईने सहज म्हणून फोन केला आणि सशाचे कान धुतल्यावर अजूनच मऊ झाले असं सांगितलं. तो फोन ठेवल्यावर शोभाताईंनी तिरोड्याला लावला.

"रीनाबाई, मी बोलून राहिली."

"मी कोण?"

"शोभा धकाते."

"असं होय. मले वाटलं सालेकश्याहून फोन आला."

शोभाताईंनी हा घोट गिळला. "एका काठाचं काम होतं. लोंबीच्या."

"काठ लय हायेत ताई. काठच काठ हायेत," रीनाबाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज जरा उतरला. "खरं सांगू काय? आमच्या बायका आठ दिवसापासून नुसते काठ विणून राहिल्या. लावाव कशाले, कोणाले समजत नाई. एकीनं त नवऱ्याच्या टावेलाले झालर लावली. तो आंघोळीलेच जात नाई म्हणते."

"अंग पाठवू काय?"

"पाठवा न. पहिले तुमी."

"पहिले तुमी काहून नाई?"

"तुमी मोठ्या न ताई."

मोठेपणाचा मान असा मिळेल हे शोभाताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिलं अंग पाठवलं. तिकडून एक काठ आला. मग दुसरं अंग, दुसरा काठ. मध्येच रीनाबाईने तहाच्या अटी सांगितल्या: ग्रुप पुन्हा एक होईल, पण नाव 'गोंदिया-भंडारा', आणि सकाळी नऊपर्यंत गुलाब चालतील. एरवी यावर महिनाभर चर्चा झाली असती. शोभाताई म्हणाल्या, "चालतील. लोंब्या पाठवा."

लोंब्या आल्या. नऊ प्रकारच्या.

"याच्यातली कुंचीची कोणची?"

"ते मले काय माहीत ताई? कापल्या तुमी."

शोभाताईंनी नऊही लोंब्या नीट पाहिल्या. दुकानात त्यांनी डोळे मिटून काठ ओळखले होते. पण तिथे काठाखाली साडी असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिली लोंबी कुंचीला विणली, तर कड लाटेसारखी वरखाली झाली. उसवली. दुसरी विणली, तर गळा इतका आवळला की त्यातून मांजराचं पिल्लू गेलं नसतं. उसवली. तिसरी मात्र अशी बसली की जणू त्या कुंचीसाठीच जन्मली होती. दुपारच्या उन्हात शेवटची गाठ मारताना त्यांनी नमुन्याचा फोटो सहज मोठा करून पाहिला. कापायचं राहून गेलेल्या कोपऱ्यात टीव्हीचं एक काळं टोक दिसत होतं, आणि त्यावर रिमोट. लोंबी टीव्हीवरच्या रुमालाची होती.

शोभाताईंनी कोपरा कापून टाकला आणि कुंची पिशवीत घातली.

बारशाला बेबीबाई दारातच होती, सशाचे कान हातात घेऊन. कुंची पाहून ती पुढे आली, काठ दोन बोटांत धरला, उलटसुलट केला.

"काठ मस्त हाय ताई. पण असा कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटते."

"लोंबी होय ते," शोभाताई म्हणाल्या. "धानाच्या मुलखात हाय आपण. दिसतेच कुठं ना कुठं."

बेबीबाईने काठ सोडला. बाळाची आई रंजिता हसली आणि तिने मुलगी पुढे केली. पिवळी कुंची डोक्यावरून बरोबर बसली, लोंब्या कपाळावर आल्या. शोभाताई वाकल्या आणि त्यांनी त्या इवल्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलं. मुलीने जांभई दिली. कुंदनने तोंड फिरवून खिडकीबाहेर काहीतरी पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग यमुनाला मांडीवर घेऊन शोभाताईंनी फोटो काढवला आणि नव्या ग्रुपावर टाकायला गेल्या, तर फोनमध्ये जागा नव्हती. सेवकरामांनी न सांगता आपला फोन पुढे केला. खाली शोभाताईंनी एवढंच लिहिलं: 'आमची यमुना.'

दोन जिल्ह्यांच्या बायकांनी हात जोडले. अर्ध्या जणींनी सेवकरामभाऊंचं अभिनंदन केलं. रीनाबाईचं उत्तर मात्र येईना. ती 'लिहीत आहे' असं बराच वेळ दिसत राहिलं, आणि शोभाताई जेवणाच्या पानावर बसूनही त्या फोनकडेच पाहत राहिल्या. श्रीखंडाची वाटी तशीच होती तेव्हा उत्तर आलं.

"पोरगी गोड हाय ताई, नाव भी मस्त. फक्त तिले जराशी बाजूले ठेवून अजून एक फोटो पाठवजा. पाठीवरचा काठ झाकून राहिला."